इंजिन खोलायच्या आधी: जुनी गाडी ऑइल का पिते?

बारा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी. एरवी जळगावातल्या जळगावात फिरणारी. मे महिन्यात एका लग्नासाठी सुरतेला जाऊन येते आणि परत आल्यावर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली, तर ऑइल खालच्या खुणेलाही लागलेलं नसतं. मिस्तरी बॉनेटवर हात टेकवून निकाल देतो, "नाना, गाडी ऑइल पी ऱ्हायनी. इंजिन खोलनं पडी." आणि नाना घरी येऊन कापसाच्या पैशातून काय उरलंय याचा हिशोब करत बसतात.

मिस्तरी खोटं बोलतोय असं नाही. पण ऑइल कमी होणं आणि इंजिन बांधायला येणं यांच्यामध्ये बऱ्याच तपासण्या आहेत. त्यातल्या निम्म्या घरच्या अंगणात होतात, त्यांना पैसेही लागत नाहीत. त्यांचा एक क्रम आहे आणि तो पाळला तर अनेकदा इंजिनला हात लावायची वेळच येत नाही.

आधी खरंच किती कमी होतंय?

"महिन्याला थोडं टाकावं लागतं" या वाक्यावरून काहीच कळत नाही. थोडं म्हणजे किती, आणि किती किलोमीटरला? गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम असेल तर बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरचं वाचन धरू नका. दर वेळी जागा तीच असावी, कारण अंगणाचा थोडा उतारसुद्धा वाचन बदलतो. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मापाच्या भांड्याने मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर सुमारे एक लिटरचं असतं.

काही गाडी-कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल खपणंसुद्धा चालण्यासारखं मानलेलं असतं. मला हा आकडा कंपनीच्या सोयीचा वाटतो. तब्येतीत असलेलं साधं इंजिन दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये फार तर अर्धा-एक लिटर मागतं. पण जुन्या गाडीने दोन-तीन हजार किलोमीटरला एक लिटर घेतलं तर घाबरण्यासारखं काही नाही. हजाराला एक लिटर होऊ लागलं की शोध घ्यायचा, आणि पाचशेलाच लिटर संपायला लागलं की लगेच.

मग सुरतेच्या एकाच फेरीत एवढं ऑइल गेलं कुठे? याचं उत्तर अनेकदा त्याआधीच्या महिन्यांत असतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटर चालून बंद होते तेव्हा इंजिन नीट तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. तिकडे ऑइल कमी होत असतं, इकडे पेट्रोल त्याची जागा भरत असतं, म्हणून डिपस्टिक महिनोन्‌महिने जैसे थे दिसते. मग नागपूर-सुरत महामार्गावर दोनशे-तीनशे किलोमीटर सलग पळवली की ऑइल तापतं, मिसळलेलं पेट्रोल उडून जातं आणि खरी पातळी उघडी पडते. त्यातच शंभरच्या वेगाने छोटं इंजिन तासन्‌तास जास्त आरपीएमवर फिरतं आणि जास्त आरपीएमला ऑइलचा खप वाढतोच. म्हणून पहिली मोजणी गावातल्या फेऱ्यांवर आणि दुसरी लांबच्या प्रवासावर अशी वेगवेगळी करा.

एक इशारा इथेच. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलकॅनचा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, तो दाब गेल्याचं सांगतो. तो पेटेपर्यंत बेअरिंगला ऑइल मिळणं थांबलेलं असू शकतं. चालत्या गाडीत तो लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. आणि याच भीतीपोटी खुणेच्या वर ऑइल भरायचं हाही उपाय नव्हे. जास्त झालेलं ऑइल पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याला, क्रँकला, लागून घुसळलं जातं, त्याचा फेस होतो आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला वायू काढून घेणाऱ्या नळीच्या, वाटेने आत जाऊन जळतं. म्हणजे नसलेला खप तयार होतो.

गळतंय की जळतंय

ऑइल बाहेर तरी पडतं नाहीतर आत तरी जळतं. बाहेर पडत असेल तर बहुतेक वेळा स्वस्तात सुटका होते, म्हणून आधी तेच बघायचं. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा अंथरा, पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांची जागा खूण करून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून अंदाज येतो. पण पुठ्ठा कोरडा निघाला म्हणजे गळती नाही असं ठरत नाही. काही ठिकाणी फक्त इंजिन चालू असताना, दाब असतानाच ऑइल बाहेर येतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.

आपल्याकडची धूळ इथे उलट मदत करते. यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून, शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीच्या पोटाला जिथे जिथे ऑइल लागलेलं असतं तिथे काळा, ओलसर थर जमतो. तो थर सर्वांत वर जिथे सुरू होतो तिथे गळतीचं मूळ, कारण ऑइल खाली आणि मागे वाहतं. शंका राहिली तर इंजिन बाहेरून डिझेलने किंवा डिग्रीझरने धुवून कोरडं करा, संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर फुंका आणि गाडी फिरवून आणा. पांढऱ्यावर तपकिरी ओघळ लगेच दिसतो.

सर्वांत जास्त गुन्हेगार टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि कडेने ऑइल पाझरतं. ते गरम सायलेन्सर मॅनिफोल्डवर पडलं की सिग्नलला उभं असताना जळका वास येतो, आणि मालकाला वाटतं इंजिन ऑइल जाळतंय. त्याखालोखाल ऑइल फिल्टरची रबर रिंग, चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच. क्रँकचं मागचं सील गेलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल टपकतं, कधी क्लचप्लेट ओली होऊन क्लच घसरायला लागतो. तिथे सील स्वस्त पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी, म्हणून क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हाच ते करून घेणं शहाणपणाचं. रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग दिसला, किंवा ऑइल दुधाळ झालं, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) नाहीतर ऑइल कूलर. तिथे वाट बघू नका.

एक छोटा व्हॉल्व्ह

गळती नाही असं ठरलं तरी इंजिन उघडायच्या आधी एक तपासणी राहते आणि नेमकी तीच विसरली जाते. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँकच्या कोठीत, क्रँककेसमध्ये, उतरणारच, नव्या इंजिनातही. तो साचून राहू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाचा छोटा भाग तो पुन्हा इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांकडे, ओढून घेतो आणि जाळायला देतो. कुकरची शिट्टी चिकटली की वाफ झाकणाच्या रिंगमधून वाट काढते, तसं हा व्हॉल्व्ह जुन्या ऑइलच्या चिखलाने बुजला की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. नवं सील टाकलं तरी महिन्याभरात पुन्हा गळती, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. उलट हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर वायूबरोबर ऑइलचे तुषारही आत ओढले जातात आणि जळतात. म्हणजे हा एकच भाग गळतीही घडवतो आणि जाळणंही. काढून हलवला की बहुतेक प्रकारांत आत खुळखुळ आवाज यायला हवा, आणि इंजिन चालू असताना व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरल्यावर ओढ जाणवायला हवी. किंमत किरकोळ, बदलायला काही मिनिटं. त्याला जोडलेली रबरी नळीही पिळून बघा, फुगलेली किंवा आतून चिकट झालेली असते.

धूर केव्हा येतो, त्यावर सगळं अवलंबून आहे

आता जळण्याकडे. ऑइल दोन वाटांनी आगीपर्यंत पोचतं: खालून रिंगच्या कडेने किंवा वरून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून. खर्चात या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून ओळख महत्त्वाची.

पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात. तिसरी, सर्वांत खालची, ऑइल रिंग. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल ती खरवडते आणि पिस्टनमधल्या बारीक भोकांतून परत खाली सोडते. वरच्या बाजूला, हेडमध्ये, प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर एक छोटं रबरी सील असतं. टॅपेटवर उडणारं ऑइल दांड्यावरून खाली घसरू नये हे त्याचं काम.

हे सील कडक झालं तर गाडी रात्रभर उभी असताना ऑइल थेंब थेंब खाली उतरतं. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट निघतो आणि मिनिटाभरात सगळं स्वच्छ. दुसरी परीक्षा घाटात होते. कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना किंवा तोरणमाळहून खाली येताना गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. पेट्रोल इंजिनात तेव्हा थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोराची पोकळी तयार होते. ती व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खेचते. घाट संपल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलं की निळा लोट. मागच्या गाडीत ओळखीचं कुणी असेल तर त्याला बघायला सांगा, आरशात नीट दिसत नाही. अशी लक्षणं असतील तर आधी संशय व्हॉल्व्ह सीलचा घ्या, मग व्हॉल्व्ह गाइडच्या, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्या, झिजेचा. अनेक इंजिनांत सील हेड न उतरवताही बदलता येतात, मिस्तरीला तसं विचारा.

चढावर, भरल्या गाडीत, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगकडे जातो. ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना उघडून बघा. भक् भक् करत जोराने वायू बाहेर येत असेल, झाकण नुसतं ठेवलं तर ते नाचत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या कडेने खाली उतरतोय. हलकीशी वाफ किंवा किंचित हवा येणं मात्र सगळ्याच जुन्या इंजिनांत असतं, तेवढ्यावर कुणाला इंजिन खोलू देऊ नका.

पांढरा, विरघळून न जाणारा धूर पाण्याचा. काळा धूर इंधन जास्त झाल्याचा. निळाच ऑइलचा. पण सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत थोडं ऑइल जळलं तर ते कन्व्हर्टरमध्येच संपून जातं, धूर दिसतच नाही. "धूर नाही म्हणजे जळत नाही" हा युक्तिवाद गाडी विकणाऱ्याच्या फार सोयीचा आहे. सेकंडहँड गाडी बघायला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगा, बॉनेटवर हात ठेवून खात्री करा आणि पहिला स्टार्ट स्वतःच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. आपण पोचेपर्यंत गाडी "जरा गरम करून ठेवलेली" असेल तर त्या मेहरबानीचं कारण शोधा. विकण्यापूर्वी जाड ऑइल घालून धूर दाबणं हाही जुना खेळ आहे.

धूर नसेल तर स्पार्क प्लग बोलतात. चारही प्लग काढून क्रमाने मांडा. एकाच प्लगच्या टोकावर ओलं, काळं ऑइल असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. चारही थोडेथोडे मळलेले असतील तर सर्वसाधारण झीज किंवा पीसीव्ही. प्लगचं टोक कोरडं पण वरचे आटे आणि प्लगची विहीर ऑइलने भरलेली असेल, तर ते टॅपेट कव्हरच्या आतल्या सीलचं गळणं आहे, जळण्याशी त्याचा संबंध नाही.

कॉम्प्रेशन चांगलं, तरी ऑइल जातंय

आता गॅरेजचं काम: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजणं. सगळे प्लग काढून, इंधन आणि स्पार्क बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चांगल्या बॅटरीवर इंजिन पाच-सहा फेरे फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर वाचतात. ठीकठाक पेट्रोल इंजिनात तो साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतो. नेमका आकडा इंजिनागणिक वेगळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत नसावी. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग झिजलेल्या, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. नाही वाढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. ही ओली चाचणी डिझेल इंजिनावर करू नये. तिथे जागा इतकी कमी असते की जास्त गेलेलं ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

मालक आणि मिस्तरी दोघंही फसतात ते इथे. दाब चारही सिलिंडरांत उत्तम येतो, तरी ऑइल जातच असतं. कारण गेज वरच्या दोन रिंगांचा दाब मोजतं. ऑइल रिंगचा त्याच्याशी संबंध नाही. ऑइल बदलायची तारीख वारंवार उलटून गेली की जळकट कार्बन ऑइल रिंगच्या खाचेत आणि परतीच्या बारीक भोकांत साचतो, रिंग जागच्या जागी चिकटते आणि खरवडणं थांबतं. दाब आहे, ताकद आहे, धूरही फारसा नाही, फक्त ऑइल गायब. अशा इंजिनात ऑइल लवकर लवकर, तीन-चार हजार किलोमीटरला बदलत राहिलं तर काही वेळा रिंग हळूहळू मोकळी होते. प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं द्रव पिस्टनवर रात्रभर भिजत ठेवण्याचाही उपाय करतात. हमी कशाचीच नाही, पण इंजिन खोलण्यापूर्वी करून बघण्यासारखं आहे. चिखल साचलेल्या जुन्या इंजिनात झटपट फ्लश (इंजिन आतून धुणारं द्रव) टाकायला मात्र माझा विरोध आहे. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर दाबच जाईल.

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असलेल्या डिझेलचं थोडक्यात. टर्बोचं सील गेलं तर ऑइल थेट हवेच्या नळीत जातं. ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी काढून बघा. आतून हलका ओलावा असणं ठीक, ओंजळभर ऑइल साचलेलं असेल तर टर्बो किंवा त्याची परतीची नळी. याला उशीर नको, कारण डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर अनावर पळायला लागू शकतं आणि मग किल्ली फिरवून बंद होत नाही. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर चालू ठेवलं तर टर्बोतलं ऑइल जळून चिकटत नाही. डिझेलला थ्रॉटलची तशी पोकळी सहसा नसते, म्हणून वरची घाटाची परीक्षा त्याला लागू नाही.

ऊन आणि धूळ

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, दुसरा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती जाड राहतं त्याचा. तापलेल्या ऑइलचा काही भाग वाफ होऊन उडतो. नोआक नावाच्या चाचणीत ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून घट मोजतात, आणि सध्याच्या दर्जांनुसार पेट्रोल इंजिनच्या पातळ ऑइलना १५ टक्क्यांपर्यंत घट चालते. छोट्या गाड्यांत ऑइलसाठी वेगळा कूलर सहसा नसतो, चेंबरवर लागणाऱ्या वाऱ्यावरच ते निवतं, आणि मे महिन्यात भुसावळला तो वाराच ४५ अंशांचा असतो. त्यामुळे झिजलेल्या इंजिनात पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी जाड ग्रेड, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४०, आपल्या हवेत उपयोगी पडते. पुस्तिकेबाहेर जाऊन सरळ २०डब्ल्यू-५० ओतणं जुन्या कार्बोरेटर गाडीला चालून जाईल. पण ज्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ ऑइलच्या दाबाने बदलते, तिथे बारीक वाटांतून जाड ऑइल वेळेवर पोचत नाही.

धुळीचं नुकसान मात्र कायमचं असतं. एअर फिल्टर फाटला, नीट बसला नाही किंवा फिल्टरनंतरची, इंजिनकडे जाणारी रबरी नळी तडकली तर धुळीचे कठीण कण थेट सिलिंडरमध्ये जातात आणि रिंग-भिंत घासून काढतात. फिल्टरनंतरच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली तर झीज चालू आहे. शेतरस्त्यावरच्या गाडीला पुस्तिकेतलं फिल्टरचं अंतर निम्म्यावर आणा. कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर वारंवार झोडपण्याची सवयही सोडा, जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रं पडतात.

खोलायचं की टाकत राहायचं

समजा सगळं तपासलं आणि रिंगच निघाल्या. गाडी दीड हजार किलोमीटरला लिटरभर पिते आणि वर्षाला आठ हजार चालते, म्हणजे वर्षाला पाच-सहा लिटर ऑइल. त्या किमतीत इंजिन-काम कुठेच होत नाही. दर रविवारी डिपस्टिक बघायची, डिकीत एक लिटरचा डबा ठेवायचा आणि गाडी चालवत राहायचं, हा निर्णय अजिबात कमीपणाचा नाही. खर्चात दोन गोष्टी धरा: प्लग लवकर मळतात आणि कन्व्हर्टर हळूहळू खराब होतो. त्यातून पीयूसीला अडचण येऊ शकते आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणालाही. स्टार्टिंग जड झालं, ताकद गेली, एका सिलिंडरचा दाब पडला, तर मात्र चालढकल महाग पडते.

खोलायचं ठरलंच तर समोर उभे राहा. पिस्टन बाहेर आल्यावर ऑइल रिंग बोटाने हलते का बघा. लेथवाल्याकडे बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून घेतल्याशिवाय नुसत्या नव्या रिंगा बसवू देऊ नका. भिंत लंबगोल झिजलेली असेल तर नवी रिंग कडेला टेकतच नाही आणि महिन्याभरात पुन्हा तेच. नव्या रिंगा भिंतीवर घासून बसायला वेळ घेतात. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगावर लांब पळवू नका, तासन्‌तास आयडलवरही ठेवू नका, वेग कमी-जास्त करत चालवा आणि त्यानंतर ऑइल बदला. या काळात थोडं ऑइल कमी झालं तर चालतं. तीन-चार हजारांनंतरही कमी होत राहिलं, तर लिहून ठेवलेले आकडे घेऊन पुन्हा त्याच मिस्तरीच्या दारात जा.